माटुंग्याचं उडुपी खाणं: घरी काय जमतं आणि कशासाठी तिथेच जावं

राम आश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं आणि रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं. तिन्ही माटुंगा पूर्वेला, स्टेशनपासून किंग्ज सर्कलपर्यंतच्या दहा मिनिटांच्या चालीत. डोसा मुंबईत गल्लोगल्ली मिळतो, तरी रविवारी सकाळी लोक इथे यादीत नाव घालून फुटपाथवर उभे राहतात. त्याला कारण आहे. डोसा खालून एकसारखा बदामी असतो, वडा मोडला की आत जाळी दिसते, रसमात मिरी जाणवते पण घशाला ठसका लागत नाही, आणि कॉफीत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असूनही ती कॉफीवर चढून बसत नाही.

हे खाऊन आलं की घरी करून पाहायचा मोह होतो आणि मग शोध सुरू होतो तो मसाल्याचा. सांबार मसाला कुठला, लाल चटणीत नक्की काय घालतात, वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की या खाण्यात मसाल्याचं गुपित फारसं नाही. सगळा खेळ दळण्याचा, पाण्याच्या मापाचा आणि तापमानाचा आहे. या तिन्हींकडे लक्ष दिलं तर काही पदार्थ घरी तंतोतंत उतरतात, काही जवळपास पोचतात, आणि एखाददुसऱ्यासाठी तिथे जाण्याला पर्याय नाही. पदार्थवार सांगतो.

डोशापासून सुरुवात, कारण सगळ्यात जास्त फसतो तोच.

पिठाचं माप असं धरा: इडलीचा उकडा तांदूळ 300 ग्रॅम, साधा कोलम 100 ग्रॅम, सालं काढलेले अख्खे उडीद (गोटा) 125 ग्रॅम, हरभरा डाळ 20 ग्रॅम, जाडे पोहे मूठभर म्हणजे साधारण 40 ग्रॅम, मेथी दाणे एक टीस्पून. एवढ्यात चौदा-पंधरा डोसे होतात. तांदूळ आणि हरभरा डाळ एकत्र, उडीद आणि मेथी वेगळी, दोन्ही चार ते पाच तास भिजवायचं. पोहे दळायच्या आधी पंधरा मिनिटं भिजवले तरी पुरे. हरभरा डाळ इथे चवीसाठी नसून रंगासाठी आहे. ती वगळली तर डोसा कुरकुरीत होईल, पण पांढुरका राहील. उडीद शक्यतो नवे घ्या. दुकानात वर्षभर पडून राहिलेले उडीद कितीही दळले तरी फुलत नाहीत आणि मग दोष आंबवण्याला दिला जातो.

दळताना उडीद आधी. मिक्सरमध्ये खरी अडचण पात्याची नाही, उष्णतेची आहे. भांडं हाताला गरम लागलं म्हणजे पीठ तापलं, आणि तापलेल्या पिठात हवा राहत नाही. बर्फाचं पाणी वापरा, एका दमात तीस-चाळीस सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये थांबा. वर दिलेल्या मापाच्या उडदाला साधारण 200 मिली पाणी लागतं, तेही टप्प्याटप्प्याने. पीठ बोटावर घेतलं तर हलकं, चकचकीत आणि न ओघळणारं हवं. तांदूळ मात्र अगदी गुळगुळीत वाटायचा नाही. बारीक रव्यासारखी कणी राहिली की डोशाला कुरकुरीतपणा येतो.

टेबलावरचा वेट ग्राइंडर घ्यावा का, हा प्रश्न इथेच येतो. दर आठवड्याला डोसा, इडली, वडा होत असेल तर जरूर घ्यावा. दगड हळू फिरतो, पीठ तापत नाही आणि पंचवीस-तीस मिनिटांत उडीद जितके फुलतात तितके मिक्सरमध्ये कधीच फुलत नाहीत. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, तिथली यंत्रं वर्षानुवर्षं टिकतात आणि दगडाची घासणी बारीक असते. दोन लिटरचा चार-पाच जणांच्या घराला पुरतो. एकच तक्रार: धुणं कंटाळवाणं आहे आणि तो जड आहे, त्यामुळे ओट्यावर कायमची जागा देता येत नसेल तर चार महिन्यांत माळ्यावर जातो. महिन्यातून एकदा डोसा करणाऱ्या घरात मिक्सर आणि बर्फ पुरेसं आहे.

दोन्ही पिठं हाताने कालवा. उपयोग हाताच्या उबेचा आणि नीट मिसळण्याचा आहे. पीठ फुगवण्याचं काम डाळ-तांदळावर मुळातच असलेले जिवाणू करतात, त्यात ल्युकोनॉस्टॉक हा मुख्य. बाहेरून यीस्ट घालायची काही गरज नसते. मुंबईच्या मे महिन्यात सहा ते आठ तासांत पीठ वर येतं. पुण्या-नाशकाच्या थंडीत बारा ते सोळा तास लागतात. तेव्हा भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावं किंवा कोमट पाण्याच्या पातेल्यात बसवावं. मीठ वरच्या मापाला दोन टीस्पून सपाट. मिठाने आंबणं मंदावतं, म्हणून उन्हाळ्यात ते आधीच घातलेलं बरं, थंडीत नंतर. पीठ दीडपट-पावणेदोनपट झालं की थेट फ्रिजमध्ये. जास्त आंबलेल्या पिठाचा डोसा आंबट तर लागतोच, शिवाय तो रंगही धरत नाही, कारण रंग येण्यासाठी लागणारी साखर जिवाणूंनी खाऊन टाकलेली असते. असं झालंच तर घालायच्या आधी पिठात एक टीस्पून साखर मिसळा, बराच फरक पडतो. बऱ्याच हॉटेलांत चिमूटभर साखर नेहमीच घालतात.

आता तवा. हॉटेलातला तवा म्हणजे लोखंडाची जाडजूड प्लेट. तिच्यावर एका वेळी सहा-आठ डोसे पडले तरी ती गार होत नाही. घरचा पातळ तवा पहिल्या डोशालाच गार पडतो, मग आपण गॅस वाढवतो, मग तो मध्ये जळतो आणि कडेला कच्चा राहतो. म्हणून 28 ते 30 सेंटिमीटरचा, तीन किलोच्या आसपासचा बिडाचा तवा घ्या. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तापू द्या. घाई करायची नाही, विशेषतः इंडक्शनवर, कारण तिथे कॉइलपुरतंच वर्तुळ तापतं आणि बीड उष्णता हळू पसरवतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत पळाला तर तवा जास्त तापलाय. चुर्र होऊन दोन सेकंदांत उडाला तर बरोबर.

पीठ घालायच्या आधी पाणी शिंपडून ओल्या फडक्याने किंवा अर्ध्या चिरलेल्या कांद्याने तवा पुसतात, ते स्वच्छतेसाठी नव्हे. पृष्ठभागाचं तापमान क्षणभर खाली यावं, पीठ पसरायला वेळ मिळावा, यासाठी ते आहे. तळाची जाड प्लेट मात्र तापलेलीच राहते आणि पसरून झाल्यावर डोसा पकडते. साधारण 90 मिली म्हणजे मोठा पळीभर पीठ मध्ये ओता आणि सपाट बुडाच्या वाटीने आतून बाहेर गोल फिरवत न्या. दाबायचं नाही, वाटी पिठावर तरंगली पाहिजे. पीठ वाटीबरोबर गोळा होऊन वर येत असेल तर तवा जास्त गरम आहे किंवा त्यावर तेल जास्त आहे. भोकं पडत नसतील तर तवा गार आहे किंवा पीठ आंबलेलं नाही. तेल पसरून झाल्यावर कडेने सोडायचं, आधी नाही. उलटायचा नाही. खालचा रंग वरून दिसायला लागला आणि कडा सुटली की झाला.

नॉनस्टिक तव्याबद्दल विचारलं जातं. त्यावर डोसा चिकटत नाही हे खरं, पण पसरताना पीठ तव्याला धरतही नाही, घसरतं. पातळ डोसा त्यामुळे होत नाही. शिवाय त्याचा थर खूप तापवायचा नसतो आणि डोशाला चांगलाच तापलेला तवा लागतो. घावन, धिरडं, उत्तप्पा यासाठी तो उत्तम आहे. डोशासाठी बीडच. एक पथ्य पाळा: या तव्यावर पोळ्या भाजू नका आणि साबणाने घासू नका. कोरड्या पोळीने तेलाचा थर निघून जातो आणि पुढचे चार डोसे फाटतात.

मैसूर मसाल्याची लाल चटणी हे ज्याला लोक गुपित समजतात ते असं: दहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, आठ लसूण पाकळ्या, अर्धा कांदा, दोन टेबलस्पून पंढरपुरी डाळं, बोराएवढी चिंच, मीठ, अर्धा टीस्पून साखर. कच्चीच वाटायची, जेमतेम पाण्यात. ब्याडगीऐवजी लवंगी घातली तर नुसता जाळ होतो, रंग येत नाही. डोशावरची ओली चकाकी गेली की दीड टीस्पून चटणी उलथन्याच्या पाठीने पसरा. त्याआधी लावली तर पीठ उचकटतं. नंतर लावली तर ती भाजली जात नाही आणि कच्च्या लसणाचा वास राहतो.

बटाट्याची भाजी आपल्याकडच्या पिवळ्या भाजीसारखी कोरडी करू नका. तिथली भाजी ओलसर असते, कारण कांदा परतून लाल करत नाहीत. फोडणीत मोहरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, कढीपत्ता, आलं, हिरवी मिरची घालून कांदा पडतो आणि लगेच हळद-मीठ घालून अर्धा-पाऊण वाटी पाण्यात तो शिजवतात. मग हाताने फोडलेला बटाटा. अर्धा किलो बटाट्याला दोन मोठे कांदे. लसूण नाही, धणे-जिरे पूड नाही, साखर नाही.

एवढं सगळं केल्यावर घरचा डोसा कॅफे मद्रासच्या जवळ जातो का? मसाला डोसा जातो. राम आश्रयचा तुप्पा डोसाही जातो, कारण तो जरा जाड असतो आणि वरून सोडलेलं दोन टीस्पून तूप घरच्या कढवलेल्या साजूक तुपाचं असलं तर सरसच लागतो. कागदासारखा लांबलचक पेपर डोसा मात्र घरच्या गॅसवर होत नाही. त्याला सगळीकडे सारखी तापलेली मोठी प्लेट लागते. तो तिथेच खावा.

मेदूवडा हा दुसरा अवघड पदार्थ, आणि तो फसण्याचं कारण जवळजवळ नेहमी पाणी असतं. पाव किलो उडदाचा गोटा दोन तासच भिजवायचा, अडीच म्हणजे डोक्यावरून पाणी. रात्रभर भिजवलेले उडीद पोटात इतकं पाणी घेतात की वाटताना थेंब घातला नाही तरी पीठ सैल होतं, आणि सैल पिठाचा वडा तेल पितो. वाटताना बर्फाचं पाणी चार ते सहा टेबलस्पून, त्याहून अधिक नाही. मिक्सर अडला की पाणी ओतण्याऐवजी चमच्याने पीठ खाली करा. वाटून झालं की एका दिशेने हाताने तीन-चार मिनिटं फेसा. मग वाटीभर पाण्यात पिठाची बोंड टाका. तरंगली तर हवा पुरेशी आहे. बुडाली तर अजून फेसा. सोडा घालून हे काम भागवू नका, सोड्याचा वडा लाल पटकन होतो, पण तेलकट होतो आणि गार झाला की बसतो.

मीठ तळायला घ्यायच्या मिनिटभर आधी. आधी घातलं तर पीठ पाणी सोडतं. ठेचलेली मिरी, खोबऱ्याचे बारीक तुकडे, आलं, कढीपत्ता आणि दोन टेबलस्पून तांदळाचं पीठ हेही त्याच वेळी. तेल 170 ते 175 अंश. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर पीठ टाका: तळाशी टेकून दोन-तीन सेकंदांत वर यावं. टाकताक्षणी वर उसळून लाल झालं तर तेल फार तापलं आहे, वडा बाहेरून होईल आणि आत चिकट राहील. मधलं भोक शोभेचं नाही. जाड पिठाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला तोच रस्ता आहे. हात ओला करून, गोळा बोटांवर घेऊन, अंगठ्याने भोक पाडून अलगद सोडायचा. याला हात बसायला वेळ लागतो. तोवर ओल्या चहाच्या गाळणीच्या पाठीवर थापून सोडला तरी चालतो.

घरचा मेदूवडा, नीट जमला तर, हॉटेलच्या तोडीस तोड असतो. एक गोष्ट मात्र तिथे आहे आणि घरी नाही. गर्दीमुळे तिथे वडा कढईतून निघून दोन मिनिटांत ताटलीत येतो. घरी सगळे एकत्र बसावेत म्हणून पहिला घाणा झाकून ठेवतात आणि तिथेच कुरकुरीतपणा जातो. झाकू नका, जाळीवर ठेवा.

रसम वड्यासाठी वडा थेट रसमात टाकला तर तो वाटीतलं निम्मं रसम पिऊन बसतो आणि उरलेलं घट्ट, तेलकट होतं. आधी गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, हलकं दाबून, मग रसमात दहा मिनिटं. रसमाचा मसाला आयत्या वेळी केलेलाच हवा: धणे दोन टेबलस्पून, मिरी आणि जिरे एकेक टीस्पून, तूरडाळ एक टीस्पून, मेथी पाव टीस्पून, ब्याडगी तीन-चार, कोरडं भाजून भरडसर. लिंबाएवढ्या चिंचेचं पाणी, तीन पिकलेले टोमॅटो हाताने कुस्करून, हळद, हिंग, मीठ, लहानसा गुळाचा खडा. कच्चा चिंचेचा वास जाईपर्यंत उकळायचं, मग वाटीभर पातळ वरण आणि मसाला घालायचा. इथून पुढे उकळी नको. कडेने फेस वर चढायला लागला की गॅस बंद. खळखळून उकळलेल्या रसमातली मिरी कडवट होते आणि वास हवेत जातो. मग साजूक तुपाची मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. रामा नायकांकडे केळीच्या पानावरच्या जेवणात भातावर जे रसम येतं, त्याच्या बरोबरीचं रसम घरी सहज होतं. खरं तर घरी ते अधिक ताजं मिळतं, म्हणून सुरुवात करायची तर याच पदार्थाने करा.

सांबाराबद्दल थोडक्यात. उडुपी सांबारात ओलं खोबरं आणि गूळ असतो, म्हणून ते तमिळ सांबारापेक्षा गोडसर आणि दाटसर लागतं. दीडशे ग्रॅम तूरडाळीला धणे दोन टेबलस्पून, हरभरा डाळ एक टेबलस्पून, उडीद डाळ आणि जिरे एकेक टीस्पून, मेथी अर्धा टीस्पून, ब्याडगी सहा-आठ, हे सगळं थोड्या खोबरेल तेलात भाजून पाव वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखं वाटायचं. लाल भोपळा, शेवगा, छोटे सांबार कांदे. भाज्या आणि डाळ पूर्ण शिजल्याशिवाय चिंच घालू नका. आंबट पाण्यात भाजी मऊ होत नाही, शेंगा तासभर उकळल्या तरी दोरीसारख्या राहतात. तयार सांबार मसाला वापरायचा असेल तर लहान पाकीट घ्या, उघडल्यावर डब्यात घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि वाटलेलं ताजं खोबरं वेगळं घाला. एवढ्याने तो बराच सुधारतो.

चटणीचं नारळ ताजं हवं, सुकलेलं डेसिकेटेड खोबरं नाही. वाटीभर खवलेलं खोबरं, दोन टेबलस्पून डाळं, दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, मीठ, गार पाणी. फार वेळ फिरवली तर खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणी ओशट लागते. मुंबईच्या हवेत तीन-चार तासांवर बाहेर ठेवू नये.

नीर डोसा हा कोकणातल्या घावनांचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे मालवणी किंवा रत्नागिरीच्या घरात तो शिकवावा लागत नाही. तांदूळ चार तास भिजवून, थोड्या ओल्या खोबऱ्याबरोबर अगदी गुळगुळीत वाटून, ताकाइतका पातळ करायचा. आंबवायचा नाही. तवा कडक तापलेला, पीठ कडेकडून मध्ये ओतायचं, वाटीने पसरायचं नाही, झाकण मिनिटभर. उलटायचा नाही. जुना तांदूळ घ्या, नव्या तांदळाचे चिकटून गोळा होतात. पीठ तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी ढवळा. शेवटचे डोसे जाड व्हायला लागले तर तेच कारण. यासाठी रांगेत उभं राहायची गरज नाही.

राम आश्रयचा अननसाचा शिरा घरी हुबेहूब होतो, फक्त क्रम पाळला पाहिजे. वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी तूप, वाटीभर साखर, वाटीभर बारीक चिरलेला अननस, दोन वाट्या कडकडीत पाणी, केशर. अननस आधी दोन-तीन चमचे साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून घ्यायचा. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातल्या प्रथिनांना फोडतं आणि शिरा कडू होतो, म्हणून दूधही नको, पाणीच. रवा तुपात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, वास येईपर्यंत, पण रंग बदलू न देता. पाणी घालून रवा पूर्ण फुलल्यावरच उरलेली साखर. साखर आधी पडली तर ती पाणी ओढून घेते आणि रव्याचा दाणा कच्चा राहतो. पाऊण वाटी तूप वाचून हात आखडतो, पण निम्म्या तुपात केलेला शिरा तोंडात विरघळत नाही, लगदा होतो. कमी खावा, पण तूप कमी करू नये.

कॉफीसाठी खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त. स्टीलचा दोन भागांचा फिल्टर, लहान आकाराचा, आणि ताजी दळलेली पूड. माटुंग्यातच म्हैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानात बिया निवडून, समोर दळून, चिकोरीचं प्रमाण सांगून घेता येते. 80-20 म्हणजे ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी, इथपासून सुरुवात करा. चिकोरी तीस टक्क्यांवर गेली की काढा (फिल्टरमधून खाली उतरणारी दाट कॉफी) गडद आणि दाट दिसतो, पण चव गोडसर-जळकी होते आणि कॉफी मागे पडते. बाजारातल्या पाकिटांवर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. काहींत चिकोरी जवळपास निम्मी असते. एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या. पूड महिनाभर उघडी राहिली की वास उरत नाही.

वरच्या भांड्यात तीन भरगच्च टेबलस्पून, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम पूड, छत्रीने (फिल्टरमधल्या दांडीच्या भोकाच्या चकतीने) हलकी सपाट करायची, दाबायची नाही. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा आणि 120 मिली हळूहळू ओता. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं विसरा. काढा पाच मिनिटांत धो-धो गळला तर पूड जाड दळलेली आहे किंवा सैल भरली आहे. अर्ध्या तासानेही थेंबथेंबच येत असेल तर पूड फार बारीक आहे किंवा जास्त दाबली गेली. पुढच्या वेळी दुकानदाराला तसं सांगा, तो दळण बदलून देतो. काढा पुन्हा उकळायचा नाही, कडवट होतो. गरम करायचा तर भांडं गरम पाण्यात ठेवून.

दूध सायीचं, पाणी न घातलेलं, उकळून लगेच. एक भाग काढा, तीन भाग दूध. साखर डबऱ्यात (पेल्याबरोबरच्या पसरट वाटीत) आधी, मग काढा, मग दूध, आणि पेल्यातून डबऱ्यात उंचावरून दोन-तीनदा ओतायचं. फेस त्यानेच येतो, आणि कॉफी पिण्याजोगी गारही होते. फिल्टर रोज पाण्याने धुवा आणि महिन्यातून एकदा वरच्या भांड्याचं बूड गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर धरा. भोकांत अडकलेली पूड जळून झडते आणि काढा पुन्हा वेळेत उतरायला लागतो.